सात वाजून सहा मिनिटं

(फिजीतलं एक लहान बेट. बुधवारची सकाळ, धक्क्यावरची तिकिटांची खोली. विलिकेसाला सैन्यातून निवृत्त होऊन आठ महिने झालेत. समोर त्याची थोरली बहीण तरायविनी उभी आहे.)

तरायविनी : बसायला नाही आले मी. स्टूल राहू दे तिथंच.

विलिकेसा : ताई, कालपासून पोटात काही नसेल तुझ्या. चहा तरी घे.

तरायविनी : सोमवारचं सांग. गावात जो तो आपापलं सांगतोय. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

विलिकेसा : बोट सातला सुटते. सातला सुटली. तुमची गाडी आली सात वाजून सहा मिनिटांनी. तोवर बोट प्रवाळातल्या खिंडीपाशी पोचली होती. आणखी काय सांगू?

तरायविनी : गाडी ओढ्यात रुतली होती.

विलिकेसा : ते मला नंतर कळलं.

तरायविनी : जोसायाला गादीसकट खाली उतरवलं, गाडी ढकलली, परत वर चढवलं. पोट दगडासारखं झालं होतं माझ्या नवऱ्याचं. नर्सबाई म्हणाल्या होत्या, याच बोटीनं सुव्हाच्या दवाखान्यात न्या, गुरुवारच्या बोटीची वाट बघू नका. लहान होडीनं न्यावं तर समुद्र खवळलेला. आणि वाटेत हाच मला धीर देतोय. घाबरू नको म्हणे, धक्क्यावर आपला विली आहे.

विलिकेसा : नियम एकाला लावायचा आणि दुसऱ्याला नाही, असं नाही करता येत. मागच्या महिन्यात गावप्रमुखाचा पुतण्या मागं राहिला. शाळेचे मास्तर राहिले. घरच्यांसाठी बोट थांबवली असती तर दुसऱ्या दिवसापासून कुणी वेळेवर आलं नसतं. आधी ही बोट कधी दहाला सुटायची, कधी बाराला. आता लोक पावणेसातला रांगेत असतात.

तरायविनी : जोसायाच सांगायचा सगळीकडे. माझ्या मेव्हण्यानं अख्ख्या बेटाला घड्याळ शिकवलं म्हणून.

विलिकेसा : सांगायचा कसला. यंगोना प्यायला बसलो की माझी नक्कल करायचा. मनगटाकडे बघत बघत वाडगा तोंडाला लावायचा. सगळे हसून लोळायचे.

तरायविनी : ही नोकरी तुला कुणी लावली, माहितेय?

विलिकेसा : मुनसामी शेठला बोटीसाठी सैन्यातला माणूस हवा होता.

तरायविनी : त्याला कुणीच नको होतं. तू परत आलास तेव्हा चारला उठायचास. दाढी, अंगण, होडी, सगळं उरकून सातला मोकळा. मग ती वही. सैन्यातून सोडताना दोन दिवस शिकवलं होतं ना तुम्हाला, बाहेर दिवस कसा आखायचा ते? अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने पाडायचास, आणि भरायला काही नसलं की लिहायचास, 'पाणी पिणे'. तुझी बायको माझ्यापाशी येऊन रडायची. एकदा जोसायानं ती वही वाचली. त्या रात्री जेवला नाही. तीन रविवार मुनसामीच्या छपराचे पत्रे फुकट बदलून दिले त्यानं. वर म्हणाला, विलीला कळता कामा नये.

विलिकेसा : मला ठाऊक नव्हतं, ताई.

तरायविनी : कसं असेल? चढावरच्या वळणावर आम्ही हॉर्न वाजवत होतो. धक्क्यावरून ते वळण दिसतं. गाडी दिसली होती तुला?

विलिकेसा : दिसली.

तरायविनी : कधी?

विलिकेसा : दोर हातात होता तेव्हा.

तरायविनी : कुणाची, ते कळलं?

विलिकेसा : निळी गाडी बेटावर एकच आहे. कप्तान, शेठ, चाळीस माणसं वरून माझ्याकडे बघत होती. मी घड्याळ बघितलं. मनात आलं, आता थांबलो तर परत आल्यावर जोसायाच सगळ्यांत बसून म्हणेल, साहेबांचं घड्याळ बहिणीसाठी वेगळं. तो आजारी आहे हेच मला माहीत नव्हतं. वाटलं, बाजाराला निघालात. म्हटलं, एकदा राहू दे यालाही मागं. आणि दोर सोडला.

तरायविनी : मग गाडी इथं आली. गादी दिसली तुला. तुझ्या त्या टेबलावर वायरलेस आहे. बोट अजून दिसत होती.

विलिकेसा : बोट मागं बोलवायचा अधिकार माझा नाही. शेठला विचारावं लागतं.

तरायविनी : शेठ बोटीवरच होता. विचारलंस?

विलिकेसा : नाही.

तरायविनी : आम्हाला काय म्हणालास?

विलिकेसा : ताई...

तरायविनी : बोल. नुसती मान नको हलवू.

विलिकेसा : म्हणालो, गुरुवारी पावणेसातला या.

तरायविनी : काल दुपारपर्यंत विचारत होता, गुरुवार उजाडला का. मी म्हटलं, हो, उजाडला. तुझा मेव्हणा त्यावर काय बोलला ते मी तुला सांगणार नाही. ते माझ्यापाशी राहील.

विलिकेसा : आज संध्याकाळी मी देवमाशाचा दात घेऊन येतो. अख्ख्या गावापुढं मान खाली घालून बसतो.

तरायविनी : ये की. म्हातारी मंडळी तो दात घेतील, रीतच आहे तशी. टाळ्या वाजवतील, तुला क्षमा होईल. मी तिथं नसेन.

विलिकेसा : खांदा तरी देऊ दे मला. माती कधी द्यायची ठरलीय?

तरायविनी : उद्या दहाला. तू अकराला ये.