वाळूवरची साय

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय नरहरशास्त्री, व्यासपीठावरचे मंडळाचे पदाधिकारी, सत्कारमूर्ती ढुंढिराज मास्तर, त्यांना न्यायला पुण्याहून आलेली त्यांची लेक देवयानी, आणि रामघाट, दुर्गाघाट, ब्रह्माघाटाच्या पायऱ्या चढून, धापा टाकत का होईना पण वेळेवर आलेल्या माझ्या सगळ्या आप्तांनो, तुम्हां सर्वांना नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. शास्त्रीबुवांनी मघाशीच हळूच सांगितलं, "मालविकाताई, घंटी माझ्याजवळ आहे." तर मी आटोपतं बोलेन. पण एक विनंती आहे. माझ्याजवळ बावीस वर्षं एक गोष्ट राहून गेली आहे. परवा मास्तरांची गाडी आहे. ती गोष्ट आज याच सभागृहात बोलायला हवी, कारण ती याच सभागृहात बोलायची राहिली होती. तेवढं होईपर्यंत घंटी वाजवू नका.

या वयात लोक काशीला येतात. आमचे मास्तर शहात्तराव्या वर्षी काशीतून निघाले आहेत. परवा मी त्यांना विचारलं, "काका, मन लागेल का हो तिकडे?" तर म्हणाले, "देवयानीच्या गच्चीवर ऊन चांगलं येतं म्हणे." झालं! ऊन आहे ना, मग माणसाला आणखी काय लागतं?

तुमच्यातल्या लहानांना कदाचित माहीत नसेल, मास्तर कधी मास्तर नव्हतेच. इंटर कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते सहायक होते. फळ्यासमोर एक दिवसही उभे राहिले नाहीत. पण गल्लीतल्या प्रत्येकाला त्यांनी काही ना काही शिकवलं, म्हणून गल्लीनंच त्यांना मास्तर केलं.

मी ग्वाल्हेरहून लग्न होऊन रामघाटावरच्या आमच्या वेदपाठशाळेत आले, तेव्हा पहिल्याच सकाळी छतावर गेले आणि बघतच राहिले. शेजारच्या छतावर काळ्या रंगवलेल्या पत्र्यावर पंचवीस-तीस बाटल्या आडव्या झोपवलेल्या. मी सासूबाईंना भीत भीत विचारलं, "शेजारी कसलं दुकान आहे का?" त्या म्हणाल्या, "दुकान नव्हे, ढुंढिराज. पाण्याला ऊन खायला घालतो."

स्वच्छ बाटलीत नितळ पाणी भरून दिवसभर कडक उन्हात ठेवलं की त्यातले रोगजंतू मरतात, हे मला तेव्हा कळलं. लाकूडफाटा नाही, गॅस नाही, काही नाही. फक्त माकडांचा उपद्रव. आपल्या इथली माकडं तुम्हाला ठाऊक आहेत. ती बाटल्या पळवायची, झाकणं फिरवून उघडायची, आणि कठड्यावर बसून पाणी प्यायची. मास्तर वहीत लिहायचे : 'आज चार बाटल्या माकडांनी नेल्या. माकडांची प्रकृती उत्तम. प्रयोग समाधानकारक.'

तेव्हाच्या काशीची फार आठवण येते. छतांवरून बोलणं व्हायचं. कुरडया, पापड, बाटल्या, सगळं एकाच उन्हात वाळायचं. आता छतांना जाळ्या लागल्या, आणि बोलायला फोन आले.

तर वाळूच्या गाळणीची गोष्ट.

पावसाळ्यात आपल्या गल्ल्यांच्या नळाला कसं पाणी यायचं, ते मी सांगायला नको. आमच्या पाठशाळेत एकवीस विद्यार्थी. दर पावसाळ्यात कोणी ना कोणी पोट धरून बसलेला. मास्तर माझ्या सासऱ्यांकडे, शिवरामगुरुजींकडे आले आणि म्हणाले, एक गाळणी बसवतो. गुरुजी संतापलेच. "ढुंढिराज, गंगेकाठी बसून पाणी शुद्ध करायला निघालास? गंगोदकाला कोण शुद्ध करणार?"

मास्तर म्हणाले, "गुरुजी, गंगा शुद्धच आहे. पण आपला नळ तिला विचारून थोडाच येतो?"

गुरुजी हसले. आमचे गुरुजी हसले की काम झालं समजायचं.

मग सिमेंटचं पिंप आलं. काशीनाथ मल्लाहनं नावेतून पलीकडच्या काठची वाळू आणली. मास्तरांनी ती आमच्या चौकात बसून सात पाण्यांनी धुतली. मी स्वयंपाकघराच्या दारातून मोजत होते. सातव्या पाण्यात परातीचा तळ दिसला, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. तळाशी खडे, वर जाड वाळू, त्यावर बारीक वाळू, आणि वाळूवर कायम तीन बोटं पाणी. खालून करंगळीएवढी धार.

नंतर ओसरीवर बसून मास्तरांनी सगळ्या पुरुषमंडळींना समजावलं. दोन-तीन आठवड्यांत या वाळूवर एक बुळबुळीत थर येतो. दुधावर साय येते तसा. त्या सायीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, आणि तेच पाण्यातले रोगजंतू खाऊन टाकतात. पाणी गाळते ती साय. वाळू म्हणजे तिचं नुसतं अंथरूण. हे सगळं ओसरीवर झालं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन मला ते एवढंच म्हणाले, "सूनबाई, वरचं काही हलवू नका हं." मी म्हटलं, "हो काका."

बघा, 'का' ते बाहेर सांगितलं गेलं. 'नको' तेवढं आत आलं. आणि घरातलं पाणी कोणाच्या हातात असतं? ओसरीच्या की स्वयंपाकघराच्या?

दोन महिने कोणाचं पोट दुखलं नाही. मंडळानं ठरवलं, अशा बारा गाळण्या बारा घरांत बसवायच्या. मास्तरांनी बारा पिंपं ओतूनही ठेवली.

आणि श्रावणी आली.

पाठशाळेत श्रावणीचं महत्त्व काय असतं, ते या सभेला सांगणं म्हणजे विश्वनाथाच्या गल्लीत बेल विकणं. त्या दिवशी सगळ्यांची जानवी बदलायची, घर कसं लख्ख हवं. माझी ती पहिलीच श्रावणी. आदल्या दिवशी मी तांब्याची भांडी चिंचेनं घासली, देवघर पुसलं, चौक धुतला. सासूबाई गाळणीपाशी आल्या, आत बोट घातलं, आणि तोंड वाकडं करून म्हणाल्या, "अगं बाई, शेवाळलंय की हे! सोवळ्यातलं पाणी आणि हाताला असं बुळबुळीत?"

मला मास्तरांचं वाक्य आठवलं होतं. हे मी आज कबूल करते. आठवलं होतं. पण मनात आलं, ज्यांनी सात पाण्यांनी वाळू धुतली, ते या घाणीला थोडंच जपायला सांगतील? मी पिंप उपसलं. वाळू परातीत घेऊन धुतली, तीही सात पाण्यांनी. पांढऱ्या चादरीवर पसरून छतावर वाळवली. शुभ्र झाली होती. पुन्हा भरली. सासूबाईंनी पाहिलं आणि शेजारच्या बाईंना म्हणाल्या, "आमची सून हाताची स्वच्छ आहे हो."

लग्नाला सहा महिने झाले होते. त्या घरात माझं झालेलं ते पहिलं कौतुक.

तिसऱ्या दिवसापासून विद्यार्थी आजारी पडायला लागले. नऊ विद्यार्थी आणि गुरुजी. गुरुजींना दोन दिवस सलाईन लावावं लागलं. सगळे बरे झाले, देवाची कृपा. पण ते दोन दिवस मी कसे काढले, ते माझं मला ठाऊक.

मास्तर धावत आले. गाळणीत हात घातला, चिमूटभर वाळू काढून बोटांत चोळली, हुंगली. मग छतावर गेले. दोरीवर ती चादर अजून होती. तिच्या काठाला वाळूचे चार कण चिकटलेले. त्यांनी ते तळहातावर झटकून घेतले, आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या बोटांची सालं निघालेली होती. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "आठवडाभर सगळ्यांना पाणी उकळून द्या. आणि तुम्हीही काही खाऊन घ्या, सूनबाई. चेहरा उतरलाय."

त्याच संध्याकाळी इथे सभा झाली. याच सभागृहात. बायका त्या खांबापलीकडे बसल्या होत्या, मीही होते. कोणी म्हणालं, "गंगेकाठी गाळणी लावणाऱ्याला गंगेनंच उत्तर दिलं." कोणी म्हणालं, "कॉलेजात बीकर धुणारा माणूस, याच्या नादी लागलोच कशाला?" बोलणाऱ्यांतले काही आज हयात नाहीत, आहेत त्यांनी मास्तरांची कधीच क्षमा मागितली आहे. मी कोणाला दोष द्यायला उभी नाही.

मास्तर उठले, हात जोडले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. सांगण्यात मी कमी पडलो." एवढंच बोलले आणि बसले.

मी उठले होते हो. पदर खांद्यावर घेतला होता. समोर सासूबाईंची पाठ दिसत होती. 'हाताची स्वच्छ आहे' हे वाक्य कानात होतं. आणि मी खाली बसले.

बारा गाळण्यांचं काम रद्द झालं. आमच्या घरातलं पिंप मास्तरांनी काशीनाथच्या नावेत घालून तिथून हलवलं. त्या बारा पिंपांत लोकांनी तुळशी लावल्या, मोगरे लावले. एक आमच्याही छतावर आलं. सासूबाईंनी त्यात तुळस लावली. बावीस वर्षं मी रोज तिला पाणी घालते आहे, आणि रोज मला आठवतं की या पिंपात काय असायला हवं होतं.

मास्तरांना पुढे नऊ वर्षं कोणी पाण्याचं विचारलं नाही. मुलं 'गाळणी मास्तर' म्हणून चिडवायची. त्यांनी उजेडाचं काम हातात घेतलं. छोटा सौर पत्रा, जुनी बॅटरी, डब्यात बसवलेला दिवा. पहिला दिवा काशीनाथच्या नावेवर लागला. रॉकेलचा कंदील गेला. काशीनाथ सगळ्या घाटाला ओरडून सांगायचा, "देखिए, मास्टर साहब सूरज को डिब्बा में बंद कर दिए हैं!" आज शिंदे घाटाखाली असे दिवे लुकलुकतात तेव्हा यात्रेकरू फोटो काढतात. त्यांना काय माहीत, हे कोणाच्या हातचं.

आणि पाण्याची गाळणीही पुन्हा सुरू झाली ती काशीनाथच्याच घरी. तो म्हणाला होता, "लोग जो कहें सो कहें, हमरे घर में लगाइए. पहिले हम पीएँगे." यावेळी मास्तर ओसरीवर बसले नाहीत. थेट चुलीपाशी गेले, काशीनाथच्या बायकोला समोर बसवलं आणि सायीची सगळी गोष्ट तिला सांगितली. तेव्हापासून त्यांची हीच पद्धत. आधी घरातली बाई, मग घरातले पुरुष.

आज तुमच्यापैकी कितीतरी घरांत ती पिंपं आहेत. त्यांवर लाल तेलरंगात एक ओळ असते. मराठी घरात 'वाळू धुऊ नये, ही जिवंत आहे', आणि हिंदी घरात 'बालू मत धोइए, यह जीवित है'. तुम्ही सगळे त्या ओळीला हसता. माझ्या रविवारच्या मराठीच्या वर्गातली मुलं विचारतात, "काकी, कौन पागल है जो बालू धोएगा?"

मी, बाळांनो. ती ओळ माझ्यामुळे लिहावी लागली.

त्या श्रावणीला मास्तरांची गाळणी चुकली नव्हती. ती मी मोडली होती. हे मास्तरांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुम्हाला माहीत नव्हतं. ते बोलणं त्यांनी माझ्यासाठी सोसलं, आणि मी त्यांना सोसू दिलं. त्यांनी काशी सोडण्याआधी ही सभा तिची नोंद दुरुस्त करो, एवढंच माझं मागणं.

आज सकाळी मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. ब्याऐंशी वर्षांच्या. मला वाटलं, रागावतील. त्या जप करत होत्या, माळ थांबवून म्हणाल्या, "शेवाळलंय असं म्हणालं कोण? मीच ना? बोल तू. पण माझं, या आनंदीबाईचं, नाव घ्यायचं विसरू नकोस. सगळं श्रेय एकटीनं घेऊ नये."

घेतलं, सासूबाई.

आता आभार. अध्यक्षांचे, घंटी न वाजवल्याबद्दल. मंडळाचे, मला इथे उभं केल्याबद्दल. देवयानी, तुझे, कारण इतकी वर्षं तुझ्या वाट्याचे बाबा आम्ही वापरले. तिकडे त्यांना गच्ची मोकळी ठेव. माकडं नसली तर वहीत लिहायला त्यांना दुसरं काही शोधून दे.

भाषण संपवताना चुकलंमाकलं पदरात घ्या म्हणायची आपली रीत आहे. आजवर मी ते नुसतं म्हणत आले. काका, आज मी ते मोजून-मापून मागते आहे. बोलण्यातल्या चुकांसाठी या सभेनं मला क्षमा करावी. न बोलण्यातल्या एका चुकीसाठी तुम्ही करावी.

आणि एक काम राहिलं आहे. तुळस मी काल दुसऱ्या कुंडीत हलवली. पिंप घासून चौकात ठेवलं आहे. काशीनाथ पलीकडची वाळू टाकून गेला आहे. उद्या सकाळी तुम्ही आमच्याकडे यावं, आणि पहिली ओंजळ तुमच्या हातानं घालावी. वाळू मी सात पाण्यांनी धुऊन ठेवली आहे. आठव्यांदा धुणार नाही.