अंग न घासता या!

...आणि वर मलाच म्हणते, "आजी, पुढच्या वेळी अंग न घासता या!" मला! या मालसूनला! अहो, आमच्या कुन्सानच्या बंदरावर कुणालाही विचारा, मालसूनच्या टाचा बघितल्यात का म्हणावं... आणि काल-परवा डॉक्टर झालेली ही योमबाई मला शिकवणार, अंघोळ कशी करू नये ते? मी स्वच्छ बाई आहे हो!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही त्या तेसिकच्या आईसारखं अर्धवट ऐकून गावभर कराल.

आमच्या गल्लीत बायकांचं सार्वजनिक न्हाणीघर आहे. दर शनिवारी मी आणि ओकबुन तिथे. ओकबुन म्हणजे माझी मैत्रीण, मासळीबाजारात आमच्या टोपल्या शेजारी शेजारी असायच्या, दोघींचे नवरे गेले, मुलं तिकडे सोल शहरात. तर लालबुंद होईस्तोवर गरम पाण्यात बसायचं, मग तो खरखरीत हिरवा हातमोजा चढवायचा आणि एकमेकींची पाठ घासायची. कशी? मळाच्या वळ्या पडल्या पाहिजेत, वळ्या! शेवयांसारख्या! ओकबुन मागून म्हणते, "बघ गं, किती निघालं!" आणि मला जे काय बरं वाटतं... घरी कोण आहे माझ्या पाठीला हात लावायला? भिंत?

यंदा थंडीत मेली खाज सुटली. नडग्यांवर, पाठीवर, गोल गोल लाल चट्टे. रात्री खालून तापवलेल्या जमिनीवर आडवं झालं की अंगात मुंग्या सोडल्यासारखं व्हायचं. मग मी काय केलं? आणखी जोरात घासलं! खाज येते म्हणजे मळ राहिलाय, यात डॉक्टरला काय विचारायचं?

आणि एका शनिवारी ही तेसिकची आई, न्हाणीघरात विकतात ते भाजलेलं अंडं चावता चावता, माझ्या पाठीकडे बोट करून किंचाळली, "अगं बाई, गजकर्ण! सगळ्यांना लागेल! काढा हिला बाहेर!" तोंडातलं अंडं तरी गिळायचं! मालकीण धावत आली, हात चोळत म्हणते, "मालसूनताई, राग नका मानू हं, नवीन वर्ष तोंडावर आलंय, गर्दी होणार... डॉक्टरांनी लागणारं नाही म्हटलं की खुशाल या." आणि मी तिथे उभी, अंगावर हातभर टॉवेल! मला हाकललं! वर्षाचा सण, आणि मी न्हाणीघराबाहेर! मी स्वच्छ बाई आहे हो!

गेले डॉक्टर योमकडे. आता मला सांगा, डॉक्टरसमोर मळकं अंग घेऊन जायचं? आईबापांनी काही वळण लावलंय की नाही आपल्याला? घरी बादलीभर कढत पाणी घेतलं, हातमोजा घेतला, अशी घासली कातडी, वर दही चोळलं, आणि गेले. तिनं भिंग लावून पाहिलं. म्हणते, "आजी, हे गजकर्ण असेल किंवा नसेल, दोन्ही दिसायला सारखीच. वरचा कोंडा थोडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघते, बुरशी असली तर दिसेल." घेतलं पातं. खरवडते... खरवडते... "आजी, इथे तर काहीच नाहीये!"

"नसणारच!" मी म्हटलं. मान अशी ताठ!

तर तिनं कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "एक इंजेक्शन टोचा आणि मोकळं करा." तर म्हणे, "कशासाठी टोचू, आधी कळू तर द्या! सोमवारी या. आणि अंग न घासता या."

बरं, मी ऐकलं नाही असं नाही. देवाशपथ, दिवसच्या दिवस हात आवरला. पण सोमवारी सकाळी चपला घातल्या, खाली बघितलं, तर नडगीवर पांढरा कोंडा! आता असं जायचं चार माणसांतून? शेजारणीकडे मुळा मागायला जात नाही मी अशी! चपला काढल्या. जरासंच घासलं हो. जरासंच! चट्ट्यांवर तेवढं!

डॉक्टरबाईंनी पातं खाली ठेवलं. "आजी, मी चोर शोधतेय आणि तुम्ही दर वेळी पावलांचे ठसे पुसून येताय!"

हे ओकबुनला कळलं. आली तणतणत. "हातमोजे दे."

"कुठले?"

"मोरीतला, उशाखालचा आणि किमची मुरवायच्या फ्रिजवरचा. दे इकडे! सणाला त्या तेसिकच्या आईकडून पाठ घासून घ्यायची वेळ आली माझ्यावर. बाईचा हात कसा चालतो माहितेय? टेबल पुसल्यासारखा! मला तू हवीस, कळलं?" डोळ्यांत पाणी होतं तिच्या. तिन्ही दिले काढून. आठवडाभर कोंडा मिरवत, भिंतीच्या कडेकडेनं चालले, मी, मालसून!

पुढच्या सोमवारी ओकबुन मला बखोटीला धरून घेऊन गेली. डॉक्टरबाई खूश, "वा, आजी! काय छान कोंडा आहे!" हे कौतुक! काचेवर घेतला, थेंब टाकला, बराच वेळ डोळा लावून बसली. ओकबुननं माझं बखोट अजून सोडलं नव्हतं. "बुरशी नाही. गजकर्ण नाही. कुणाला लागणार नाही."

मी टुणकन उठले...

"बसा! इसब आहे. आणि घासून घासून चिघळवलंय तुम्ही. कातडीला स्वतःचं तेल असतं, ते तुम्ही दर शनिवारी ओरबाडून काढता. वळ्या निघतात ना, तो मळ नाही आजी, कातडी आहे तुमची!"

मी ओकबुनकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. म्हणजे आजवर आम्ही एकमेकींना सोलत होतो?

"आता घासणं बंद. पाणी कोमट, तेही थोडाच वेळ. अंग टिपलं की लगेच हे औषधाचं मलम चट्ट्यांवर आणि हे साधं सगळ्या अंगाला. पाठीला कोण लावून देईल?"

मी समोरच्या भिंतीकडे बघितलं.

मागून ओकबुन खाकरली. "मी मेलेय का?"

मग काय! न्हाणीघराच्या दारातूनच आवाज दिला, "लागत नाही गं! डॉक्टर म्हणाल्या, अति स्वच्छतेनं होतं! तेसिकची आई, तू अगदी निर्धास्त राहा, तुला जन्मात व्हायचं नाही!" घशात अंडं अडकलं तिच्या. वर्षाचा सण तिथेच वसूल झाला माझा.

पण आता दर शनिवारी हे असं. ओकबुनची पाठ मी घासते, हलकेच, डॉक्टरबाईंना सांगू नका. मग ती म्हणते, "फिर." मी फिरते. गार गार मलम थापते माझ्या पाठीवर. आणि जुनी सवय हो, तोंडातून निघतंच, "किती निघालं गं?"

"काही नाही. सगळं आत गेलं."

जाऊ दे तिकडे. चिकट तर चिकट... मी स्वच्छ बाई आहे हो, डॉक्टरनं तपासलेली!