नबीलालचा पासंग

न्हाई साहेब, त्यो सोडून बोला. खाली ढीग पडलाय तागड्यांचा, त्यातली कंची बी उचला — पितळी हाय, लोखंडी हाय, एक तर कांदेवाल्याची हाय, अजून वास मारती — पर खुंटीवरचा त्यो तराजू न्हाई द्यायचा. बसा. स्टूल डुगडुगतंय, भितीला टेकून बसा. आन् काय म्हणालात, डायनिंग टेबलावर टांगायचाय? दोन्ही पारड्यांत मनीप्लांट? महाळुंग्याला, चौदाव्या मजल्यावर? राग मानू नका, पर त्यात झाडं लावायची न्हाईत. माझ्या आज्याचा तराजू हाय त्यो. औषधाच्या पुड्या तोलायचा. एवढा हलका, एवढा हलका की माशी बसली तर पारडं खाली जायचंच, पर माशी नुसती बसू का नको म्हून वर घिरट्या घालाय लागली तरी काटा थरथरायचा. एकदा ह्याच पौडातले दोन भाऊ आले, बांधावरनं भांडत. आज्यानं दोघांकडनं कागदावर सह्या घेतल्या — मी खरं बोलतो म्हून — आन् एकेक कागद पारड्यात टाकला. धाकट्याचा जड निघाला. आजा म्हणला, ह्यो खोटा. का? तर खोट्या सहीला शाई जास्त लागती. हात थांबत थांबत चालतोय, थांबंल तितं शाई साचती. हसा, हसा. सगळीच हसत्यात. मी चाळीस वर्सं हीच गोष्ट सांगून गिऱ्हाईक बसवून ठेवतुया, आन् तेवढ्यात त्यांच्या तागडीचं काम उरकतुया.

कशापायी न्हाई द्यायचा? आज काम हाय त्याला. चार वाजता, भूगावच्या शाळेत. तराजूचं शाळेत काय काम म्हणता — तेच तर. माझी नात तितं आठवीला हाय, उझमा. इंग्लिश शाळा, बिल्डरच्या प्लॉटाशेजारी, शाळा कंची आन् बिल्डिंग कंची कळत न्हाई. तितं ह्या वर्सी एक ॲडव्हान्स वर्ग काढलाय, फिजिकल सायन्सचा. फिजिकल म्हणल्यावर मला वाटलं कवायत आसंल. न्हाई. बल, दाब, घनता, उष्णता — बाकीची पोरं म्होरल्या वर्सी शिकणार ते ह्यांनी आत्ताच शिकायचं. परीक्षा घेऊन तीस पोरं निवडली. त्यात आमची एक. फारूक, माझा ल्येक, तिचा बाप, हिंजवडीला कॅब चालवतुया — त्यानं त्या दिवशी पॅसेंजरला बी पेढा दिला. आन् मंग घरी एक पत्रक आलं, पालकांसाठी मराठीतनं बी छापलेलं. मथळा काय? 'आमच्या अपेक्षा'.

मला पाठ झालंय. एक, विद्यार्थी जे दिसेल तेच लिहील. दोन, वहीत खोडरबर चालणार नाही. चुकलं तर एकच रेघ मारावी, खालचं वाचता आलं पाहिजे. तीन, मोजमाप हातानं. सेलवरची यंत्रं नाहीत. चार, वस्तुमानाला वजन म्हणू नये. हितं माझं टाळकं सरकलं. तीन पिढ्यांचा धंदा वजनाचा, आन् ह्यांचं म्हणणं आमी वजन कधी केलंच न्हाई, वस्तुमान केलं. मंग बोर्ड बदलू का — नबीलाल वस्तुमानवाले? उझमा म्हणली, आबा, तुमी चंद्रावर गेलात तर तुमचं वजन कमी भरंल, वस्तुमान तेवढंच राहील. म्हणलं, त्यासाठी चंद्रावर कशाला जायला पायजे, मुळशीत एखाद्याची सरपंचकी गेली की बघ. हसली. आन् खाली पालकाची सही. फारूक कुटला सापडतोय सकाळचा, मीच केली. चांगली ऐटीत, खाली दोन टिंबं देऊन.

आन् काय झालं ऐका. प्रयोग व्हता लोखंडाच्या घनतेचा. सोपा हाय, तुमी बी केला आसंल. ठोकळा तराजूत तोलायचा, मंग पाण्यात बुडवून पाणी किती चढलं ते बघायचं, आन् भागाकार. पुस्तकात उत्तर छापलेलंच हाय, सात पूर्णांक आठ. तीस पोरं. एकोणतीस वह्यांत सात पूर्णांक आठ. आमच्या उझमाच्या वहीत सात पूर्णांक पाच. अपूर्वा मॅडम — त्या वर्गाच्या बाई — म्हणल्या, परत कर. परत पाच. आणखी एकदा. पाच. आन् मॅडमनी लाल पेनानं काय लिहावं? 'या वर्गाला लागणारी अचूकता नाही.' सोमवारपासनं साध्या वर्गात. आज चारला पालकानं येऊन सही करायची, की आमची पोरगी कच्ची हाय हे आमाला मान्य. किळस येती साहेब. शिसारी येती. एकोणतीस पोरं, ठोकळा एक, तराजू एक, आन् एकाला बी दिसलं न्हाई काय दिसतंय ते. पुस्तकात बघून उतरवलं. अपेक्षा म्हणं. पहिल्याच ओळीला सगळा वर्ग उताणा, आन् जी एकटी उभी राहिली तिला बाहेर काढताय. असल्या ॲडव्हान्सपेक्षा आमच्या बाजारातला कांदेवाला बरा, त्यो निदान एकाच हातानं काटा मारतोय.

काय म्हणता? तराजूच खोटा आसंल? — तुमी कशात हाय कंपनीत? सॉफ्टवेअर. हं. डोकं चालतंय तुमचं.

चहा घेणार? नको. बरं. — तर मॅडमनी तिला दाखवला की तराजू. रिकामा. दोन्ही पारडी सरळ, काटा मदोमद. म्हणल्या, बघ, तराजूत काय दोष हाय? आता ह्या शिकलेल्या बाईला कोण सांगणार की रिकामा तराजू सरळ उभा राहिला म्हंजे खरा हाय असं काई नसतंय. रिकामी माणसं बी सरळच दिसत्यात. पासंग माहीत हाय का? तुमी पुण्याकडचे, तुमी म्हणता ना — पासंगाला पुरत न्हाई म्हून. त्योच. एक पारडं हलकं पडलं की त्याच्या बुडाला शिशाचा थेंब चिकटवायचा, झाला तराजू सरळ. आता समजा, शाळेच्या तराजूची दांडी टोकाला तुटली. नवीन दांडी आणायला पुण्याला जावं लागतंय, बोहरी आळीत. कारागिराचा गुडघा धरलेला, बाहेर ऊन, आन् शाळा सुरू व्हायला दोन दिवस. मंग त्यो काय करंल? तुटलेल्या भोकाच्या आत, फार न्हाई, तांदळाच्या दाण्याएवढं आत, दुसरं भोक पाडंल. कडी अडकवंल. आता एक बाजू आखूड झाली ना, मंग त्या बाजूचं पारडं वर उचलतंय. त्याच्या बुडाला शिसं. रिकामा तराजू झकास. पर त्यात माल टाकला की हर खेपेला शंभराचे छ्याण्णव. अठ्ठ्याहत्तर ग्रॅमचा ठोकळा पंच्याहत्तर. पोरगी काय खोटं लिहीत व्हती व्हय?

कंचा कारागीर? आसंल कोणतरी. — हायेत की. मुळशीत तराजूवाले हायेत की. — किती म्हणजे? — पूर्वी लई व्हते. सेलवरचे काटे आल्यापासनं — बरं, एक. एकच हाय. बोर्ड वाचलाय तुमी येताना.

मला वाटलं, पोरांचे खेळ हायेत. त्यात कोण सोनं तोलणार हाय. आन् शाळेनं मागितली म्हून चिठ्ठी बी दिली — 'तराजू तपासला, बरोबर आहे, नबीलाल' — खाली तीच दोन टिंबं. त्यांनी तराजूच्या काचेच्या पेटीला ती टेपनं चिकटवलीय. पोरगी रोज वाचत आसंल. एकाच हाताच्या दोन सह्या साहेब, आन् जूनमदी, एकाच आठवड्यात. एक, माझी नात दिसंल तेच लिहील म्हून. दुसरी ही.

न्हाई, तिला ठावं न्हाई असं मला बी वाटत व्हतं. काल संध्याकाळी सहीसाठी वही माझ्या म्होरं ठेवून ती आत गेली. लाल शेऱ्याच्या वरतीच एक ओळ व्हती, रेघ मारून खोडलेली. खोडलेलं कोण वाचतंय? मॅडमनी न्हाई वाचलं. पर त्यांचाच नियम, खालचं वाचता आलं पायजे. मी चष्मा लावला. तिनं ठोकळा दुसऱ्या पारड्यात घालून बघितला व्हता. लिहिलं व्हतं — डावीकडे पंच्याहत्तर, उजवीकडे एक्याऐंशी, ठोकळा एकच. म्होरं — डावं पारडं उलटं केलं, बुडाला शिशाचा थेंब आहे, त्यावर — आन् तितं ओळ थांबली. त्यावर काय, ते मला लिहून दाखवायची गरज न्हाई. शिसं गरम हाय तवर मी त्यात अंगठ्याचं नख दाबतोय. आजा दाबायचा, बाप दाबायचा. चंद्रकोर उमटती. ही पोरगी ह्याच स्टुलाखाली रांगलीय, चंद्रकोरी मोजत आकडे शिकलीय. तिनं पारडं परत अडकवलं, त्या ओळीवर एक रेघ मारली, पट्टी लावून, सरळ, आन् मॅडमना म्हणली, माझंच काईतरी चुकतंय. ती एक रेघ, एवढंच खोटं हाय तिच्या वहीत. ते बी माझ्यापायी. मी वही मिटली. तिला हाक बी मारली न्हाई. रातीला जेवताना त्या दोघा भावांची गोष्ट सांगाय लागलो, आन् ती ताटातनं वर न बघता म्हणली, आबा, आज नको.

मघापासनं मॅडमना शिव्या घालतुया. किळस येती म्हणत व्हतो ना? येतीच. पर मॅडमची न्हाई.

सव्वातीनची बस हाय. आज्याचा तराजू फडक्यात बांधून न्यायचा, त्यांच्या तराजूशेजारी ठेवायचा, ठोकळा दोन्हीत घालून दाखवायचा. मंग पारडं उलटं करायचं, आन् नखाशी नख लावायचं. म्होरं शाळा काय करंल ते करू दे, बोर्ड उतरवायला लावला तर उतरवीन. ती चिठ्ठी तेवढी ह्या पारड्यात टाकायची न्हाई. किती जड भरंल मला बघवायचं न्हाई.

काय? गाडीनं सोडता? नको. गाडीत बसलो की मी तुमाला आणखी एखादी गोष्ट सांगंन, आन् भूगाव येईस्तवर त्या कारागिराचं नाव परत इसरून जाईन. तुमी जावा. ढिगातली कंची बी तागडी घेऊन जावा, सगळ्यांच्या बुडाला माझं नख हाय, मनीप्लांटला काय फरक पडतोय. उठा साहेब. स्टूल आत घ्यायचंय.