सुपाच्या डोक्यावर मशीनचा खर्च

राजुऱ्याच्या बांबूच्या कारखान्यात मी हिशोब पाहातो, तुमाले माईतच आहे. आमचे मालक भाऊ वीज, भाडं, मशीनचा खर्च सगळ्या मालावर नगामागे सारखाच वाटत. लॅम्प असो का सूप! एक दिवस म्हनाले, "सूप परवडत नाई. बंद करा."

सुपं विननाऱ्या कमलाबाई भडकल्या. "सूप तर हातानं होते. मशीनचा खर्च आमच्या डोक्यावर काऊन?"

मी म्हटलं, "आठ दिवस पाहू, मशीनची सेटिंग कोनासाठी बदलून राह्यली. खर्च त्याच्यातच होते." बाईले लिहाचा कंटाळा. त्यायनं भिंतीत खिळे ठोकले. मशीनची सेटिंग बदलली, का ज्याच्यासाठी बदलली त्याच्या खिळ्याले बांबूची एक कमची बांधत.

आठव्या दिवशी भाऊ आले. सुपाचा खिळा रिकामा. लॅम्पच्या खिळ्याले चार कमच्या. तिसऱ्या खिळ्याले मात्र अख्खी मोळी!

"हे कायची?"

"तुमी येऊन लॅम्पचं डिझाइन बदलवता ना, त्याची," बाई म्हनाल्या.

भाऊनं इचारलं, "मंग आता बंद काय कराचं?"

बाईनं विनताविनता मान वर न करता सांगितलं, "सूप चालू राहू द्या, भाऊ. तुमी जरा घरी बसत जा."