धाकटीचा तास

— अहो हळू, ताई, हळू बोला. आत ती झोपलीय. माझी धाकटी जाऊ – तुम्ही शोधत आलात तीच सिस्टर – रात्रपाळी करून आठला आली, आणि या घरात ती झोपली की घड्याळसुद्धा दबकत चालतं. बसा. त्या खुर्चीवर नको, ती करकरते, इकडे पाळण्याशी बसा. उठवू म्हणता? मी नाही उठवणार. सासूबाईंना कळलं तर मलाच ऐकवतील – माणसांचे जीव वाचवून आलीय ती, तुला काय कळणार. बरोबर आहे, मला काय कळणार. मी आठ महिन्यांचं बाळ खांद्यावर टाकून रात्रभर येरझारा घालते, त्याला कुणी रात्रपाळी म्हणत नाही. तिचे डोळे सुजले तर काम फार पडलं, माझे सुजले तर तोंड का पाडलंयस.

सही हवीय तिची? बघू, द्या इकडे. वाचता येतं मला, सातवीपर्यंत शिकलेय. 'आपण आमच्या पाहणीसाठी पंचेचाळीस मिनिटं दिलीत, हा त्या वेळेचा मोबदला' – वेळेचा, बघा. 'मोबदला वेळेला आणि कामाला साजेसा असेल. अमुक औषध द्यावं किंवा सुचवावं यासाठी नाही.' माहितीये मला हे. तुमचं पत्र आलं तेव्हा जेवताना तिने सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. सासऱ्यांना समजावत होती – एका कंपनीला लहान मुलांच्या तापाच्या औषधाबद्दल सिस्टरांचं मत हवंय, विचारणारी संस्था वेगळी, कंपनीला माझं नावही कळणार नाही, आणि पैसे माझ्या तासाच्या दराने. त्याहून जास्त देऊ लागले तर मीच घेणार नाही, म्हणाली. सगळे घास हातात धरून ऐकत होते. आणि शेवटी काय, तर – हॉस्पिटलची लेखी परवानगी येईपर्यंत मी बोलणार नाही, नाहीतर नोकरीवर गदा येईल. सासरे म्हणाले, शाबास. नाही म्हटल्याबद्दल शाबास, ताई. मी पाच वर्षं या घरात प्रत्येकाला हो म्हणतेय, मला कुणी साधं बरं म्हटलं नाही.

हे म्हणतात, तुझ्या पोटात दुखतं. दुखतं की. तिच्या तासाला दर आहे हो. कुठल्यातरी कागदावर लिहिलाय, या बाईचा एक तास एवढ्याचा. माझा तास कुणी विचारलाय? आणि ते औषध – ते ती पाजते का? ती टोपण भरून आईच्या हातात देते आणि पुढच्या खाटेकडे जाते. पोराच्या तोंडात कोण घालतं? त्या टोपणावरच्या खुणा औषधाच्याच रंगाच्या, भरलं की दिसेनाशा होतात. बाळ निम्मं थुंकतं, आणि मग निम्मं परत द्यावं की नको, जास्त झालं तर, कमी पडलं तर – नुसता जीव थोडा थोडा होतो. बाराव्या प्रश्नाला मी तुम्हाला हेच तर – म्हणजे तिने. तिने सांगितलं असेल तुम्हाला.

बारावा प्रश्न मला कसा ठाऊक, म्हणता? तिच्याकडूनच कधीतरी ऐकलं असेल.

आणि बाळाला ताप आला की काय होतं सांगू? मी तासभर झुलवते, गाते, रडकुंडीला येते. ती येते, दोन बोटं त्याच्या पाठीवर ठेवते, झालं. गप्प. माझं पोर, ताई. नऊ महिने मी वाहिलं, आणि गप्प तिच्या बोटांनी होतं. मग सासूबाई माझ्याकडे बघतात, नुसत्या बघतात – अगं बाई, उठला का. ये राजा, ये, ये, नको रडू, आई आहे ना इथे, ओ ओ ओ –

काय झालं? अशा का बघताय?

फोनवरही बाळ रडत होतं, हो. असेल. बाळं रडतातच. आवाज... इतका वेळ कुजबुजत होते म्हणून ओळखला नाहीत, नाही का. तुम्हीच होतात का फोनवर? तुमचा आवाज फोनवर मोठ्या बाईसारखा वाटला होता.

ऐका. त्या दिवशी ती फोन घरी विसरून गेली होती. तो वाजला, मी उचलला, तुम्ही म्हणालात, सिस्टर बोलताय ना? मला जन्मात कुणी त्या आवाजात विचारलं नव्हतं. हो म्हटलं. परवानगी आहे का विचारलंत, तीही आहे म्हटलं. नोंदणीचा नंबर तिच्या जुन्या कार्डावरून वाचला, ते दारामागे खिळ्याला असतं. आणि मग पंचेचाळीस मिनिटं तुम्ही विचारत गेलात, मी सांगत गेले, तुम्ही मधे म्हणालात – हे फार उपयोगाचं आहे. पैशासाठी नाही केलं हो. पैसे येतात हे तर विसरूनच गेले होते.

हॉस्पिटलला कळवावं लागेल? तिच्या नावाने? कागदावर तिचंच नाव आहे, मी नुसतं तोंडी सांगून चालत नाही? परवानगी नसताना बोलली म्हणून?

नोकरी जाईल तिची. खरं सांगू – आत्ता क्षणभर मला बरं वाटलं. घरी बसेल, माझ्यासारखी, तिच्याही तासाला मग... नको. द्या ते पेन. बाळाला धरा जरा, घट्ट, उसळी मारतो. 'फोनवर मी बोलले. माझ्या जावेला काही माहीत नव्हतं. तिचं कार्ड मी तिला न विचारता पाहिलं.' अक्षर वाकडं आहे, चालेल ना? खाली सही केलीय, थोरली जाऊ म्हणूनही लिहिलंय. सासूबाईंना मीच सांगेन. आता तिच्यावर येणार नाही ना? नक्की?

बघा, तुमच्याकडेही रडतोय. माझ्या एकटीकडेच रडतो असं नाही.

आणि उत्तरं? सगळी काढणार? बारावंसुद्धा? ते खरं होतं, ताई. सिस्टरचं नसेल, पण खरं होतं, त्या खुणा खरंच दिसत नाहीत. आयांना विचारायची पाहणी वेगळी असते होय. कधी असते ती? माहीत नाही. बरं.

द्या त्याला इकडे. निघा आता तुम्ही. चपला हातात घ्या, दार मी लावते – तिला अजून तासभर झोपू दे.