कस्तुराच्या हातचा जोड

दुपारच्या शिफ्टला निघालेल्या मिनलला भोसरी-चाकण बसमध्ये खिडकी मिळाली. पुढच्या सीटवर दोन म्हातारे होते. एकाच्या मांडीवर जुना अँप्लिफायर होता.

"झाला का दुरुस्त, किसनराव?"

"त्यात बिघाडच नाही, रोहिदासभाऊ. दुकानात तासभर खणखणीत वाजला."

"मग घरी लाल दिवा कशापायी लागतो?"

"पुढं वायर शॉर्ट असली की तो स्वतःला वाचवायला आवाज तोडतो. मेकॅनिक म्हणाला, घरची स्पीकरची वायर बघा."

"बराबर हाय त्याचं. त्या जयंतीला असाच मधी बंद पडला, तर तुमी तेवढ्या येळंपुरतं ते प्रोटेक्शनच काढून टाकलं. दोन स्पीकर जाळले, राव."

"कस्तुरा गात होती ना. तिचं गाणं अर्ध्यात कसं तुटू द्यायचं?"

"वहिनी थांबल्या व्हय? माइक ठेवला खाली आन् पार मागच्या रांगंपतुर ऐकवलं."

"दुसऱ्या दिवशी वायर जोडली तीसुद्धा तिनंच. निळ्या लुगड्याची चिंधी गुंडाळली वरून. ती जाऊन चार वर्षं झाली, जोड अजून तोच आहे."

"मग शॉर्ट तिथंच आसंल. तेवढा तुकडा कापा आन् नवी वायर टाका."

"हं."

"पर एवढं वझं भोसरीला कशाला न्यायचं? वायर आधी घरीच बघायची."

"शंका वायरचीच होती, भाऊ. पण अँप्लिफायरच बिघडलेला निघाला असता, तर तो जोड राहिला असता."