नकाशा उघडायला लागणारा वेळ

सुदेश: म्हणून सांगतंय बाय, ह्या दोन प्रोसेसरांतलो एक निवडा. हो आय-सेव्हन, दुसऱ्या पिढीचो. आनि हो आय-फाइव्ह, तिसऱ्या पिढीचो. दोनय जुने, पन दोनय तुमच्या बाबांच्या मशीनच्या बोर्डार बसतले.

गौरवी: आणि आत्ता आत आहे तो?

सुदेश: तो काढूकच होयो. दोन कोरचो साधो पेंटियम तो. पत्रां टायपूक बरो. तुमच्या बाबांची फाइल तेच्यार उघडूक बसलास तर चाय पिऊन होता.

गौरवी: काल माझी दोनदा पिऊन झाली. उघडली, तर जरा जवळून बघायला गेले की पडदा पांढरा.

सुदेश: एवढा कसला काम आसा ता?

गौरवी: सुर्ल्याचा नकाशा. बाबा तिथल्या खाणीवर सर्व्हेअर होते. खाणीने खाल्ला त्याच्या आधीचा गाव काढत होते. झरी, पोफळीची कुळागरं, पायवाटा, कुणाचा गोठा कुठे होता तेसुद्धा. सोमवारी त्यांचं वर्षश्राद्ध आहे. मोठ्या कागदावर छापून घरात लावायचा आहे.

सुदेश: वर्स जाला? कालच्यासारखा वाटता. लय नीट माणूस. माझ्या ह्या टेबलाक पट्टी लावून म्हणालेले, सुदेश, तुझा टेबल एका बाजूक उतरता.

गौरवी: मग उतरत होतं?

सुदेश: उतरत होता म्हणून तर लाज वाटली.

गौरवी: असेच होते. बरं, या कामाला कुठला बरा?

सुदेश: खरा सांगू? असल्या कामात दोनय जवळजवळ सारखेच. आय-फाइव्ह पिढीन नवो, तापता कमी. पन तेका आधी बोर्डाचो बायोस, म्हंजे आतलो मूळ प्रोग्राम, बदलूक होयो, आनि ता करताना लाइट गेली तर बोर्डच मेलो. डिचोलीची लाइट तुमका ठावक आसा. आय-सेव्हन सरळ बसतलो. ह्याच बोर्डार चलल्लो तो.

गौरवी: असल्याच बोर्डावर?

सुदेश: असल्याच नाय, ह्याच. तुमच्याच घरचो तो. तुमच्या भावान, प्रज्योतान नवीन मशीन घेतल्यान मां, तेवा जुना माका देऊन गेलो. गेल्या म्हयन्यात.

गौरवी: प्रज्योतकडे आय-सेव्हन नव्हता. आय-सेव्हन बाबांनी घेतला होता, खाण बंद झाली त्या वर्षी. खोका अजून त्यांच्या कपाटावर आहे.

सुदेश: तुमका कोणी सांगूक नाय?

गौरवी: बाबांच्या मशीनमध्ये हा पेंटियम कोणी घातला, सुदेश?

सुदेश: घातलंय मीच. प्रज्योत दोनय डबे घेऊन इलो. म्हणालो, ह्याचो तेका घाल आनि तेचो ह्येका. घरात ठरला आसात असा माका वाटला, बाय. भावाभावांत, बापल्योकांत लोक बदलतत.

गौरवी: कधी?

सुदेश: दोन वर्सांमागे. चवथीच्या आधी. चवथीक गणपतीच्या पावन्यांची गर्दी, आनि हेका लग्नाचो व्हिडिओ द्यायचो होतो म्हणून घाय. म्हणून ध्यानात आसा.

गौरवी: चवथीच्या आधी. आणि दिवाळीला मी माहेरी आले तेव्हा बाबा म्हणाले, गौरवी, मी रेघ ओढतो आणि ती मागाहून येते. माझाच हात उशिरा चालतो आता.

सुदेश: देवा रे.

(प्रज्योत गाडी लावून दुकानात येतो.)

प्रज्योत: पार्किंग म्हणजे एक डोकेदुखी. काय ताई, झालं सिलेक्ट? आय-फाइव्ह घाल रे सुदेश, जनरेशन नवीन आहे. बायोस मी करतो.

गौरवी: हा दुसरा ओळखतोस का?

प्रज्योत: हा... सुदेश, तू पण ना. विकला नाहीस अजून?

सुदेश: माका मध्ये घेव नको.

प्रज्योत: ताई, ऐक. टेम्पररी होतं. मोप्याच्या त्या हॉटेलचं ड्रोनचं काम होतं, लग्नाचं होतं, व्हिडिओ रेंडर व्हायला रात्र जायची. आणि बाबांचा मशीन दिवसभर पडून. दोन रेघा ओढायला त्यांना आठ थ्रेडचा प्रोसेसर कशाला? मी परत घालणार होतो.

गौरवी: त्यांना सांगितलंस?

प्रज्योत: सर्व्हिसिंगला नेतो म्हणालो.

गौरवी: म्हणजे सर्व्हिसिंग करून आलेलं मशीन. अगदी नीट.

प्रज्योत: तसं नाही गो.

गौरवी: त्यांची मोजणी चुकली की ते काय करायचे, माहीत आहे ना तुला? आधी यंत्र तपासायचे. मग साखळी. माणूस शेवटी. साखळी धरणाऱ्या चैनमनला कधी शिवी दिली नाही त्यांनी, यंत्र दोनदा तपासल्याशिवाय. आणि या एका वेळी यंत्र तपासलं नाही, कारण ते तू तपासून आणलं होतंस.

प्रज्योत: मला काय ठाऊक त्यांना एवढं जाणवेल?

गौरवी: तुला त्यांनी विचारलं नाही? खरं सांग.

प्रज्योत: विचारलं. एकदा.

गौरवी: मग?

प्रज्योत: त्या दिवशी डिलिव्हरी होती. मी म्हणालो, मशीन ओके आहे बाबा.

गौरवी: एवढंच?

प्रज्योत: म्हणालो... आता तुमचं वय झालं, सावकाश करा.

सुदेश: मी भायर थांबू काय, बाय?

गौरवी: नको. तुमचंच दुकान आहे. आणि तुम्हीही ऐका. त्यानंतर त्यांनी स्कूटर सोडली. म्हणाले, ब्रेक पण उशिरा लागेल माझा. मग देवळातलं पेटी वाजवणं सोडलं. पेन्शनच्या कागदावर सही करताना आईला शेजारी बसवायला लागले. आई त्यांना पणजीला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. बाबांनी काढलं, प्रत्येक तासाचा अंश मोजून. डॉक्टर हसले, म्हणाले, मला येणार नाही एवढं चांगलं. तरी बाबांचा विश्वास बसला नाही.

प्रज्योत: ते हार्टने गेले, ताई. ह्याने नाही.

गौरवी: ह्याने गेले असं मी म्हटलं नाही. ह्याच्यासकट गेले. वर्षभर त्यांना वाटत होतं आपण संपत आलो. आणि आई येईल त्या माणसाला सांगते, शेवटी त्यांचं डोकं चालत नव्हतं. काल त्या चोपड्याच्या मालतीमावशीला फोनवर सांगत होती. मी शेजारच्या खोलीत होते. मीही मान हलवत आले आहे वर्षभर.

प्रज्योत: मग आता काय करू मी? पाया पडू?

गौरवी: कुणाच्या?

प्रज्योत: तू पण होतीस कुठे? पेडण्याला संसार, शाळा. दिवाळीला दोन दिवस. त्यांच्याबरोबर मी होतो. औषधं मी आणायचो. तू पुस्तकं पाठवायचीस कुरियरने.

गौरवी: खरं आहे.

प्रज्योत: मग?

गौरवी: मग काही नाही. ते खरं आहे आणि हेही. सुदेश, आय-सेव्हन घाला.

प्रज्योत: आय-फाइव्ह घे ना. तो सेव्हन जुना, घासलेला. परत त्रास देईल.

गौरवी: देऊ दे. आय-फाइव्ह घातला आणि फाइल झटकन उघडली तर तू म्हणशील नवा आहे म्हणून उघडली. मला त्यांचाच हवा. त्यांची फाइल, त्यांचा बोर्ड, त्यांचा प्रोसेसर. त्यांच्या हाताला खरोखर किती वेळ लागत होता ते मला बघायचंय.

सुदेश: पाच मिनटां द्या. जुनी पेस्ट खरवडून नवी लावतंय. प्रज्योत, तो पंखो धर. असो नाय, उलटो.

प्रज्योत: असा?

सुदेश: हां. आता सोड. बाय, पैशांचा बोलू नका, ह्याचे मी घेनार नाय.

गौरवी: घ्या. प्रज्योत देईल.

सुदेश: बघा, चालू जालो. फाइल खंयची?

गौरवी: ती, सुर्ला शेवटची. दाबा.

सुदेश: दाबलंय.

प्रज्योत: उघडली.

गौरवी: किती झाले?

सुदेश: धा सेकंद. बारा धरा.

गौरवी: जवळून घ्या. अजून. देवळामागची झर दाखवा.

सुदेश: घेतलंय. खंयच अडकना नाय. आनि रेघो बघा कशो. वळणार सुद्धा कापूक नाय हात.

प्रज्योत: खाली काहीतरी टाइप केलंय. टीप म्हणून.

गौरवी: वाच.

प्रज्योत: तू वाच ना.

गौरवी: माझा चष्मा गाडीत आहे. वाच.

प्रज्योत: "झरीच्या पूर्वेकडील सर्व रेषा चवथीनंतर आखल्या आहेत. आखणाऱ्याचा हात आता विश्वसनीय राहिलेला नाही. वापरण्यापूर्वी दुसऱ्याकडून तपासून घ्याव्यात. सगुण परब."

सुदेश: तपासूक कायच नाय हयसर. सगळा सरळ आसा.

प्रज्योत: ताई, छापताना हे काढूया. लोक येणार, वाचतील.

गौरवी: लोकांसाठी सोमवारच्या कागदावरून काढू. आज घरी गेल्यावर तू हे आईला वाचून दाखव.

प्रज्योत: ती विचारील, चवथीला असं काय झालं होतं.

गौरवी: विचारील. तेव्हा मी मध्ये बोलणार नाही.